रीपरमध्ये कीबोर्ड रेकॉर्डिंग: एकदम भारी, फक्त आवाज वेगळे घ्या

यूएसबी मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा पियानोसारखा कीबोर्ड) जोडून घरीच रेकॉर्ड करायचं असेल तर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बघाच, ६० दिवस फुकट वापरता येतं. वायर लावली की लगेच वाजेल असं नाही हां, आधी प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुट चालू करायचं, मग ट्रॅकचं लाल बटण दाबून इनपुटला मिडी निवडायचं आणि एखादं इन्स्ट्रुमेंट (आवाज काढणारं प्लगिन, म्हणजे रीपरमध्ये जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकायचं, कारण मिडीतून आवाज येतच नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली तेवढंच येतं, १ ते १२७ मध्ये. म्हणून तर चुकलेला सूर नंतर माउसने सरकवता येतो, हे मला जाम आवडतं! विंडोजवर आवाज उशिरा येत असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका, बफर (एका वेळी साठवून पाठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल करून बघा. रीपरसोबत येणारा सिंथ (आवाज तयार करणारं इन्स्ट्रुमेंट) मात्र अगदीच साधा आहे, पियानोसाठी वेगळं प्लगिन लागतंच.