बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पंपांना जर्मन मॅन्युअल: टिळकवाडीतली भाषांतर सेवा

हायड्रॉलिक पंपांची मॅन्युअल जर्मनमध्ये करून देणारी टिळकवाडीतली ही सेवा कामाला चोख, पण सगळं त्यांच्या भरवशावर सोडू नका. आधी शब्दसूची मागतात. ‘रिलीफ व्हॉल्व्ह’ला (जादा दाब सोडणारी झडप) ठरलेला शब्द शेवटच्या पानापर्यंत तोच राहतो. दर मूळ इंग्रजी शब्दांवर, त्यामुळे बिल आधीच कळतं. आपलं इंग्रजीच ‘नट टाइट करणे’ छापाचं असेल तर जर्मनचा काय दोष!

खरा घोळ आकड्यांत. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.२५० मिमी क्लिअरन्स (दोन भागांमधली फट) तसाच राहिला, तर तिकडचा फिटर साडेबाराशे वाचणार. मजकुरातले आकडे ते बदलतात, ड्रॉइंगमधले मात्र वेगळं सांगितल्याशिवाय नाही. कॅडची (संगणकावरच्या ड्रॉइंगची) मूळ फाइलच द्या. स्कॅनवर चुका वाढतात. जर्मन मजकूर लांबतो, नेमप्लेटवर मावत नाही, म्हणून एचिंगआधी, म्हणजे पट्टीवर अक्षरं कोरण्याआधी, प्रूफ बघा.

युरोपच्या यंत्रसुरक्षेच्या २००६/४२/ईसी निर्देशानुसार अनुवादित पुस्तिकेवर ‘मूळ सूचनांचे भाषांतर’ ही ओळ लागते. ती ते न सांगता घालतात. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या २०२३/१२३० नियमाबद्दल मात्र आपणच विचारायचं. तो जानेवारी २०२७पासून लागू होतोय.