ब्लाउज तयार झाल्याचा निरोप: दुकानासाठी व्हॉट्सअॅप बिझनेस

सांगलीत 2009 पासून माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. निम्मं डोकं शिलाईत आणि निम्मं निरोप देण्यात जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला साध्या फोनवरून एकेकीला एसएमएस करायचे. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ज्योत्स्ना हे नाव दिसायला दोन अक्षरं, मोजणीत दहा! मग नुसतं 'ताई' म्हणून भागवायचं. ऐन दिवाळीला एसएमएसचा पॅक चालायचा नाही आणि आमची गर्दी नेमकी तेव्हाच.

पुढे एका एजंटाकडून घाऊक एसएमएस घेतले. त्याने 'ब्लाउज तयार आहे' हा मजकूर सगळ्या यादीला पाठवून दिला. ज्यांचं कापडही कापलं नव्हतं त्यासुद्धा आल्या. एक वहिनी मिरजेहून लेकराला कडेवर घेऊन आल्या होत्या. त्यांना रिकाम्या हाती पाठवताना जीव तुटला. तसल्या एसएमएसला उलट उत्तर देता येत नाही, नाहीतर त्यांनी निघण्याआधी विचारलं असतं.

व्हॉट्सअॅप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सअॅप, 2018 च्या जानेवारीत आलं. छोट्या दुकानाला ते फुकट आहे. माझा सगळा जीव त्यातल्या लेबलांवर, म्हणजे प्रत्येकीच्या चॅटला लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्यांवर आहे. 'माप घेतलं', 'कापणी झाली', 'हातशिलाई बाकी', 'तयार' अशी चार लेबलं मी केलीत. बाईचा फोन आला की वही न उघडता सांगते. नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, ती तिरकी रेघ टाकली की समोर येतात. रात्री नऊनंतर 'दुकान बंद आहे, सकाळी कळवते' हे आपोआप जातं. त्यामुळे जेवताना फोन हातात घ्यावा लागत नाही.

पण खरा फरक दुतर्फा बोलण्याचा. गेल्या लग्नसराईत एका ताईंनी मागच्या गळ्याचा फोटो पाठवला. मी कागदी कटिंगवर टेप ठेवून उलट फोटो धाडला: खोली नऊ इंच. त्या म्हणाल्या, "सासूबाई सोबत असतील, आठच ठेवा." कात्री लावायच्या आधी हे कळलं! खोल कापलेला गळा वर आणता येत नाही. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडता येते, गळ्याला कुठून आणणार?

एक लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप अनेकींना वेगवेगळा धाडायच्या यादीत, एका वेळी 256 जणी बसतात, पण जिने तुमचा नंबर साठवलाय तिलाच निरोप पोचतो. मला हे पटतं. बिल देतानाच मी विचारते, "नंबर सेव्ह करताय ना?" नको म्हणाली तर नको. सणाच्या शुभेच्छांचे फोटो मी कुणालाच पाठवत नाही. माझ्याकडून मेसेज आला म्हणजे तिच्या कपड्याबद्दलच असणार, हा भरवसा मला टिकवायचाय.

शिवणकाम करणाऱ्या सगळ्यांनी हे बिनधास्त घ्या, पण दुकानासाठी वेगळं सिम ठेवा. साधा फोन वापरणाऱ्या माझ्या सात-आठ आज्या आहेत. त्यांना मी आजही फोनच करते.