पाळीआधीच्या तीव्र मनोबदलांवर रोजची नोंदवही आणि पंधरवड्याची गोळी : वापरानंतरचा अनुभव

ज्या दोन गोष्टींविषयी मी लिहीत आहे, त्यांपैकी एक कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही आणि दुसरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. पहिली म्हणजे रोज रात्री भरायची लक्षणांची नोंदवही, आणि दुसरी म्हणजे पाळीच्या आधीचे साधारण दोन आठवडेच घ्यायची मानसोपचारातली गोळी. जळगाव जिल्ह्यात शाळेतली नोकरी आणि एकत्र कुटुंब सांभाळत मी वही गेल्या चैत्रापासून आणि गोळी पावसाळ्याच्या तोंडापासून वापरते आहे. आता थंडी पडली आहे, म्हणजे मत द्यावे इतका काळ नक्कीच गेला आहे. आराम गोळीने दिला हे खरे, पण त्या आरामापर्यंत मला वहीने पोहोचवले, म्हणून वहीबद्दल जास्त लिहिते.

पाळीच्या आधी थोडी चिडचिड, अंग जड होणे, गोड खावेसे वाटणे हे पुष्कळ बायकांना होते आणि त्यासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. माझे तसे नव्हते. आठ-दहा दिवस आधीपासून मनात असा संताप साठायचा की वर्गात एखाद्या मुलाने पेन्सिल खाली पाडली तरी माझा आवाज चढायचा, घरी आल्यावर कारण नसताना रडू फुटायचे, आणि सगळे जण आपल्याविरुद्ध आहेत अशी खात्रीच वाटायची. पाळी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळे ओसरायचे आणि मागे राहायची ती दुखावलेली माणसे. सासूबाई अहिराणीत विचारायच्या, ‘काय जायं तुले?’ आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे काहीच नसायचे.

या अवस्थेला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही तिचा समावेश आहे. पाळी येणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण तीन ते आठ जणींना ही अवस्था असते, असे सामान्यतः मानले जाते. मी आधी ज्या दवाखान्यात गेले होते, तिथे रक्तातील हार्मोन तपासली, ती योग्य प्रमाणात निघाली आणि तुम्हाला काहीही झालेले नाही असे सांगून मला परत पाठवले गेले. पुढे मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले की या आजारात हार्मोन योग्य प्रमाणातच असतात. बीज सुटल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची जी चढउतार प्रत्येक स्त्रीच्या शरीरात होते, तीच काही जणींच्या मेंदूला सोसत नाही, आणि मन शांत ठेवणाऱ्या व्यवस्थेवर, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर तिचा परिणाम होतो. रक्ताचा अहवाल स्वच्छ येणे हे आजार नसल्याचे लक्षण नव्हे, हे प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने पहिल्याच भेटीत सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र त्यांनीही तपासायला लावले, कारण त्या दोहोंतील बिघाडामुळे याच्याशी मिळतीजुळती लक्षणे दिसू शकतात.

निदान तपासणीने होत नाही, तर नोंदीने होते, आणि तीही आठवून लिहिलेली चालत नाही. किमान दोन पाळीचक्रे रोजच्या रोज नोंद लिहावी लागते. मी दुकानाच्या रोजमेळासाठी आणलेली एक लांब वही घेतली, पानावर आडव्या ओळीत तारखा आखल्या आणि डावीकडे एकाखाली एक लक्षणे लिहिली : संताप, उदासी, धास्ती, एकाएकी रडू येणे, कशातच रस न वाटणे, लक्ष न लागणे, थकवा, भूक, झोप, सगळे हाताबाहेर गेल्यासारखे वाटणे, आणि अंग फुगणे वा स्तन दुखणे. प्रत्येकासमोर एक ते सहा असा आकडा द्यायचा. एक म्हणजे त्रास नाही आणि सहा म्हणजे टोकाचा त्रास. खाली आणखी दोन ओळी ठेवल्या, एक कामात किती अडथळा आला याची आणि दुसरी घरात किती खटके उडाले याची. पाळीच्या तारखांना लाल गोल. ही वही स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगली आणि पेन दोऱ्याने तिलाच बांधले, कारण रात्री ओटा पुसून झाल्यावर पेन शोधावे लागले तर त्या दिवशीची नोंद राहून जाते. मोबाइलवरचे अ‍ॅपही काही काळ पाहिले, पण त्याचे सारे लक्ष पुढची तारीख सांगण्यावर होते आणि मनाच्या त्रासासाठी दोन-चार चेहऱ्यांची चित्रे. ते डॉक्टरांसमोर ठेवण्याजोगे नव्हते.

वहीने मला जे दाखवले, त्यात सर्वांत मोलाची नोंद आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची आहे. माझा त्रास सासरच्या धबडग्यामुळे आहे असे माहेरच्यांचे ठाम मत होते आणि अधूनमधून मलाही ते पटायचे. आखाजीला मी अमळनेर तालुक्यातल्या माहेरी गेले, तिथे झोके होते, मैत्रिणी होत्या, आईच्या हातचे जेवण होते, ना शाळा ना कामाची घाई, आणि तरीही पाळीला आठवडा उरला असताना संतापाची ओळ दोनवरून पाचवर गेली. ती ओळ मी आईला दाखवली. तिनेही बोट ठेवून मागच्या महिन्याशी ताडून पाहिली, आणि त्यानंतर सासरच्या माणसांना बोल लावणे थांबले. झोपेच्या ओळीबाबत मात्र एक गोष्ट आमच्या भागातल्या बायकांनी ध्यानात ठेवावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रात्री गच्चीवरही डोळा लागत नाही, त्यामुळे त्या महिन्यात झोपेचा आणि थकव्याचा आकडा सगळ्या तारखांना चढाच राहतो. उन्हाळ्यात नोंद सुरू करणारीने त्या दोन ओळींवरून निष्कर्ष काढू नये; संताप, उदासी आणि रडू यांच्या ओळी पाहाव्यात.

गोळी सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गटातली आहे. नैराश्यात या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, परंतु या आजारात तो काही दिवसांतच दिसू शकतो, आणि म्हणूनच ती महिनाभर न घेता बीज सुटल्यानंतर सुरू करून पाळी आल्यावर थांबवण्याची पद्धत वापरता येते. मला सुरुवातीला मळमळ झाली, ती नंतर गेली. शरीरसंबंधाची इच्छा त्या पंधरवड्यात कमी होते, ती अजून तशीच आहे आणि याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे लागते. संताप पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. पूर्वी पाच-सहावर जाणारा आकडा बहुतेक वेळा तीनच्या आसपास थांबतो, आणि तीनवर असताना मला बोलण्याआधी थांबता येते, जे पाचवर अशक्य होते. ही गोळी मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून कोणीही आणू नये. पूर्वी कधी झोप न लागता अतिउत्साहाचा काळ येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तशा स्थितीत ती उलटू शकते.

कॅल्शियमही घेतले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने पाळीआधीचा त्रास कमी झाल्याचे आढळले होते. माझ्या वहीत अंग फुगण्याची ओळ उतरली, संतापाची नाही. लोहाच्या गोळीसोबत ते घेऊ नये, दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे.

कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणाच्या वेळचा प्रसंग इथे सांगणे आवश्यक आहे, कारण खान्देशातल्या कितीतरी घरांत तो दर श्रावणात येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे सोवळे कडक असते, आणि अडचण येऊ नये म्हणून बायका पाळी पुढे ढकलणारी गोळी सर्रास घेतात. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे हार्मोन, आणि माझ्यासारखीची मनःस्थिती त्याने आणखी बिघडू शकते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी वही उघडून सासूबाईंसमोर ठेवली आणि ही गोळी घेणार नाही असे म्हटले. त्या बराच वेळ पाने उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रोट मोठी सून करेल, तू दर्शनाला लांबून ये.’ लांबून यायला सांगितले याचे वाईट वाटले, ते लपवत नाही; पण गोळीचा आग्रह त्यांनी पुन्हा धरला नाही.

वहीत जगणे नकोसे वाटण्यासाठी एक वेगळी ओळ अवश्य ठेवावी, ती संकोचाने टाळू नये. तिथला आकडा वाढला तर पाळी येण्याची वाट पाहत बसायचे नाही. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगायचे आणि डॉक्टर गाठायचे. रात्री-बेरात्री केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य लागतो, मराठीतही बोलता येते.

माझ्या एका सहकारी शिक्षिकेने आखलेले कोरे पान माझ्याकडून नेले होते. तिलाही आपला त्रास पाळीचाच वाटत होता. दोन पाळ्यांच्या नोंदीत तिचे उदासीचे आकडे पाळी संपल्यावरही खाली आले नाहीत, महिनाभर चारच्या वरच राहिले, आणि पाळीआधी ते फक्त आणखी चढत होते. डॉक्टरांनी ते पान पाहून तिला नैराश्याचे उपचार सुरू केले आहेत आणि तिची गोळी रोजची, पूर्ण महिन्याची आहे.