हाती राहिलं धुपाटणं

तेल गेलं, तूप गेलं ही म्हण लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या बाबतीत ती शब्दशः खरी झाली, आणि तीही बीजिंगमध्ये.

नोकरीसाठी चीनमध्ये होतो तेव्हा जुन्या चिनीमातीच्या धुपाटण्यांचा नाद लागला. त्यातही लोंगछ्वान गावच्या भट्ट्यांमधली, दक्षिण सोंग राजवटीच्या काळातली (११२७ ते १२७९) तीन पायांची, जेडसारखी हिरवी. पायांवरून वर चढणाऱ्या उठावदार धारेवर झिलई (वरचा काचेसारखा थर) पातळ होते, तिथे खालची माती पांढरट दिसते. पायाला जिथे झिलईच नाही, तिथे ती भाजून विटकरी होते. एवढं पुस्तकांतून पाठ केलं आणि स्वतःला जाणकार समजू लागलो.

बीजिंगमधल्या पानजियायुआनच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात शनिवार-रविवारी भल्या पहाटे पथाऱ्या लागतात, लोक टॉर्च मारून माल बघतात. एकाने मला हेरलं. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं धुपाटणं काढलं. गावाकडचं घर पाडताना सापडलं म्हणे. पांढरी धार होती, विटकरी पाय होते, आत राखेचा काळा थर. शेजारी करड्या टोपीतलं एक गिऱ्हाईक उकिडवं बसलं होतं. त्याने ते हातात घेऊन निरखलं आणि भाव विचारला. माझा धीर सुटला. १८ हजारांवरून ४,५०० युआनला घासाघीस करून घेतलं, वर आपण विकणाऱ्यालाच लुटलं असं वाटत होतं!

जाताना तो कानात म्हणाला, "कपड्यांत गुंडाळून न्या, कस्टमवाल्यांना दाखवू नका." १९११ पूर्वीची मोलाची पुरातन वस्तू सहसा चीनबाहेर नेऊच देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे उलट खात्रीच पटली. वस्तू खरी निघाली असती तर मी तस्कर ठरलो असतो, हे डोक्यातही आलं नाही.

घरी कोमट पाण्यात बुडवलं. दहा मिनिटांत पाणी काळं झालं आणि बूटपॉलिशचा वास सुटला. ऑफिसातल्या एका वयस्कर चिनी सहकाऱ्याने भिंग लावून दाखवलं: झिलईवर बारीक खड्डे, म्हणजे नवी चकाकी घालवायला अ‍ॅसिड लावलेलं. तळाचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, पॉलिश पेपरचे. वापराने पडलेले ओरखडे असे रांगेत नसतात. "तुम्ही वाचता ती पुस्तकं तेही वाचतात," तो म्हणाला. मी ज्या खुणा शोधत होतो, नेमक्या त्याच त्यांनी करून ठेवल्या होत्या. या लोकांना अडाणी गिऱ्हाइकापेक्षा अर्धवट शिकलेलं जास्त सोपं जातं. आता मी भिंगाशिवाय वस्तूला हात लावत नाही, आणि विकणाऱ्याने घरादाराची कथा सुरू केली की उठतो.

दोन महिन्यांनी पुन्हा तिथे गेलो. करडी टोपी दुसऱ्या पथारीपाशी उकिडवी बसली होती, हातात तसंच हिरवं धुपाटणं. मला बघून ओळखीचं हसला.