ठसे एकदाच घेतले, पैसे मात्र प्रत्येक अर्जाला

टेक्सासमधल्या ज्या मराठी मंडळींकडे बंदूक आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बंदुकीवरचा सायलेन्सर घ्यायच्या अर्जाला बोटांचे ठसे लागतात, आणि ते ईएफटी नावाच्या डिजिटल फाईलमधून देता येतात. त्या फाईलपायी आमच्याकडून दुसऱ्यांदा पैसे उकळले गेले, आणि ओळखीतल्या आणखी काही घरांत हेच घडल्याचं आता कळतंय. तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव देत नाही.

एका मित्राच्या शेतात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. त्याच्या मदतीला आम्ही नवरा-बायको दोघंही जातो. रायफलचा आवाज कानाशी 160 डेसिबलच्या आसपास जातो, त्यामुळे सायलेन्सर ही इथे चैन नाही, कानांची गरज आहे. तो 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येतो. एटीएफ या केंद्रीय खात्याकडे फॉर्म 4 भरायचा, सोबत फोटो आणि ठसे द्यायचे. ट्रस्टच्या नावाने घेतला तर दोघांनाही कायदेशीरपणे वापरता येतो, पण 2016 पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे द्यावे लागतात. आमचे दोघांचे लागले. (एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी आधी वकिलाला विचारा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.)

पहिल्या अर्जाच्या वेळी दुकानातल्या स्कॅनरवर आमचे ठसे घेतले. माणशी 65 डॉलर. त्याबद्दल काही म्हणणं नाही, मशीन महाग असतं आणि ठसे नीट घ्यायलाही वेळ लागतो. फाईल मागितली तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सुरक्षेच्या नियमामुळे ती ग्राहकाला देता येत नाही." असा कुठलाही नियम नाही.

1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सरवरचा 200 डॉलरचा कर शून्य झाला आणि अर्जांची झुंबड उडाली. आम्हीही दुसरा घ्यायचं ठरवलं, यावेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून. त्यानं साहजिकच ठशांची फाईल मागितली. जुन्या दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "फाईलची मुदत 90 दिवसांची असते, ती संपली. नव्या अर्जासाठी ठसे नव्याने प्रोसेस करावे लागतील, पण तुम्ही यायची गरज नाही, आमच्या सिस्टिममधून होईल." पुन्हा माणशी 65 डॉलर कार्डावर पडले आणि संध्याकाळी दोन फाईली ईमेलने आल्या.

महाराष्ट्र मंडळातला एक मुलगा अशाच डेटाच्या कामात आहे. त्याला म्हटलं, जरा बघून सांग. पहिलंच वाक्य त्यानं शहाणपणाचं उच्चारलं, "दादा, मला फाईल पाठवू नका. तुमच्याच लॅपटॉपवर उघडू." साध्या नोटपॅडमध्ये उघडली. बरीचशी अगम्य चिन्हं होती, कारण ठशांच्या प्रतिमा तशाच दिसतात. पण सुरुवातीचा भाग सरळ वाचता येत होता. 2.018 या क्रमांकापुढे माझं नाव, 2.022 पुढे जन्मतारीख, 2.016 पुढे सोशल सिक्युरिटी नंबर. आणि 2.038. या रकान्यात ठसे कोणत्या दिवशी घेतले ती तारीख असते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सलग आठ आकडे. तिथे पहिल्या भेटीची तारीख होती, पहिल्या पावतीवर छापलेलीच. बायकोच्या फाईलमध्येही तीच.

म्हणजे "नव्याने प्रोसेस" वगैरे काही झालंच नव्हतं. संगणकात पडून असलेली, आमच्याच बोटांची जुनी फाईल आम्हाला पुन्हा विकली होती. फाईलची खरोखर मुदत संपली असती तर तीच फाईल चालली कशी? कारण नव्या विक्रेत्यानं ती चढवली आणि एटीएफच्या ई-फॉर्म्स यंत्रणेनं ती विनातक्रार घेतली.

खरी गोष्ट अशी आहे. ही ईएफटी फाईल एका अर्जाला किंवा एका दुकानाला बांधलेली नसते. माणसाचे ठसे बदलत नाहीत, त्यामुळे तीच फाईल पुढच्या अर्जांना वापरता येते. फाईल 12 एमबीच्या आत असावी आणि ठसे स्पष्ट असावेत, एवढं बघायचं. लग्नानंतर नाव बदललं किंवा आतली माहिती चुकलेली असली तर नवी करून घेणं रास्त. फोटोचं तसं नाही, तो वर्षभरातलाच लागतो. टेक्सासच्या हँडगन परवान्याचे ठसेही वेगळे, ते राज्याने नेमलेल्या केंद्रावरच द्यावे लागतात. तिथे ही फाईल चालत नाही. दुकानदार या दोन गोष्टींची सरमिसळ करून नवख्याला गोंधळात टाकतात.

डिजिटल फाईलच हवी अशी सक्तीही नाही. एफडी-258 नावाचं शाईच्या ठशांचं कार्ड एटीएफकडून फुकट मिळतं. ऑनलाइन अर्जानंतर 10 कामकाजाच्या दिवसांत प्रत्येकाची दोन कार्डं टपालाने पाठवता येतात. ठसे पोलिसांनीच घ्यावेत असंही नियमात नाही, नीट घेता येणाऱ्या कुणीही घेतलेले चालतात.

पैशांपेक्षा मला जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर आणि दहाही बोटांचे ठसे असलेली फाईल त्या दुकानाच्या संगणकात आमच्या संमतीशिवाय पडून आहे, आणि ती कुलूपबंद न करता साध्या ईमेलने पाठवली जाते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटं कुठून बदलणार? 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या ओपीएम या कर्मचारी विभागातून 56 लाख लोकांचे ठसे चोरीला गेले होते. सरकारी खात्याची ही गत, तर काउंटरमागच्या संगणकाचं काय सांगावं.

टेक्सासमध्ये यासाठी 2009 पासून कायदा आहे. व्यावसायिक कामासाठी ठसे घेताना आधी सांगून संमती घ्यावी लागते, काम संपल्यावर वाजवी मुदतीत, जास्तीत जास्त वर्षभरात, ते नष्ट करावे लागतात. दंड दर उल्लंघनाला 25,000 डॉलरपर्यंत. ग्राहकाला स्वतः दावा लावता येत नाही, कारवाई राज्याचे ॲटर्नी जनरल करतात. पण तो कायदा कागदावरच आहे असं समजू नका, याच कायद्याखाली 2024 मध्ये मेटाला 140 कोटी डॉलर मोजायला लागले.

आम्ही ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवली आहे. सोबत दोन्ही पावत्या आणि 2.038 च्या रकान्याचा स्क्रीनशॉट जोडला, बाकी माहिती काळी करून. कार्डाच्या बँकेलाही लेखी कळवलं. स्टेटमेंट निघाल्यापासून 60 दिवसांत कळवणं महत्त्वाचं, ते दिवस उलटले की हात बांधले जातात. दुसऱ्या वेळचे पैसे बँकेनं परत केलेत. फाईल पुसून टाका आणि तसं लिहून द्या, या आमच्या पत्राला मात्र दुकानाकडून अजून उत्तर नाही.

कुणाला ठसे द्यायचे असतील तर पैसे देण्याआधी विचारा: फाईल माझ्या हातात मिळेल का, आणि तुमच्याकडची प्रत कधी पुसणार? उत्तर लेखी घ्या. फाईल पेन ड्राइव्हवर घ्या, ईमेलवर नको. घरी आल्यावर नाव, जन्मतारीख आणि 2.038 ची तारीख तपासा. आणि ज्यांनी गेल्या काही महिन्यांत "नूतनीकरणाचे" पैसे भरलेत, त्यांनी आजच ती फाईल उघडून बघा. तारीख जुनी निघाली तर 60 दिवसांच्या आत बँकेला कळवा.