गोल खाल्लेल्या पोराला उभं राहू देणारं मैदान

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागं, मला माझ्या पोराचे ग्लोव्ह्ज सापडले. दोन महिने तो ते हरवलेत म्हणून सांगत होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, वर जुनी गोधडी टाकून ठेवले होते. त्या आधी महिनाभर त्याचं पोट दुखत होतं. पेठेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या आईला एकच गोष्ट विचारली, की दुखतं कोणत्या वारी? तिनं बोटं मोजली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सरावाचे दिवस.

या फुटबॉल वर्गाबद्दल लिहायला बसलोय ते त्या पिशवीमुळं. गेले 11 महिने पोरगं इथं जातंय. वय 13, गोलकीपर. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला आहे. एकेकाळी पेठेतल्या संघातून खेळलोय, त्यामुळं मैदान मला नवं नाही.

आधीच्या वर्गाचं नाव घेत नाही. तिथं एका स्पर्धेत साधा जमिनीवरनं आलेला चेंडू त्याच्या हातातनं निसटला आणि सामना 1-0 नं गेला. शिट्टी वाजल्यावर तिथले कोच सगळ्यांदेखत म्हणाले, "हा नसता तर जिंकलो असतो." त्याला एकट्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. कुणीतरी त्या गोलचा व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आणि रेषेवरनं ओरडणाऱ्या बापांत मीही होतो, हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. "डोळं कुठं हाईत तुझं?" हे माझे शब्द होते. घरी येईपर्यंत गाडीवर मी त्याला तो गोल तीनदा समजावून सांगितला. तो मागं बसून नुसता "हं" म्हणत होता.

कोल्हापुरात वाढलेल्याला ईर्षा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, या पेठांतल्या फुटबॉल संघांचे सामने शाहू स्टेडियमवर लागले की गावाचा श्वास वर-खाली होतो. ती ईर्षा मला प्यारी आहे. खासबागेतली कुस्ती असो नाहीतर पेठेतला फुटबॉल, त्याच्याशिवाय हे गाव कोल्हापूर राहणार नाही. पण ती मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांशी करायची असते. तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर अख्ख्या पेठेची अब्रू ठेवली की ते पोरगं चेंडूकडं बघतच नाही, कठड्यावर बसलेल्या बापाच्या तोंडाकडं बघतं. माझं बघायचं.

हा वर्ग एका शाळेच्या मैदानावर भरतो, आमच्या घरापासनं गाडीवर दहा मिनिटं. सकाळी 6 ते 7.30, आठवड्यातनं चार दिवस. पहिल्या दिवशी माझं लक्ष गेलं ते फक्कीच्या, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीच्या, एका जादा रेघेकडं. टचलाइनपासनं, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेघेपासनं, वीसेक पावलं मागं, समांतर. ती पालकांसाठी. रेघेच्या अलीकडं यायचं नाही, खेळ चालू असताना पोराला नावानं हाक मारायची नाही, काय कर ते सांगायचं नाही. टाळी वाजवायची तर दोन्ही बाजूंच्या पोरांसाठी. दुसरा नियम घरी जातानाचा: गाडीवर सामन्याचा विषय काढायचा नाही. आधी खाणं, मग पोरानं स्वतःहून विषय काढला तर बोलणं. पहिले काही आठवडे मला हे फार जड गेलं. जीभ चावून उभा राहायचो. मग एका रविवारी गंगावेशीत दूध कट्ट्यावर दुधाचा पेला हातात असताना तोच म्हणाला, "बाबा, आज मी क्रॉसला लवकर बाहेर पडलो, दिसलं काय?" वर्षभरात त्यानं काढलेला फुटबॉलचा तो पहिला विषय.

सरावाची पहिली दहा मिनिटं पोरांची. काय खेळायचं ते तीच ठरवतात, लगोरी असली तरी चालते. त्या आधी हजेरीच्या वहीत प्रत्येक जण नावापुढं तीन आकडे लिहितो: झोप, अंग, मन, 1 ते 5 मध्ये. मला आधी वाटलं, पोरं काहीतरी ठोकून देत असतील. काही दिवस देतही असतील. पण ज्यानं मनाला 1 किंवा 2 लिहिलंय त्याच्याशेजारी इथले कोच, सर किंवा मॅडम, क्रिकेटच्या पिचवरच्या रोलरवर जाऊन बसतात. विचारपूस करायची, ऐकायचं, आणि त्या दिवशी त्याला हलका सराव द्यायचा. ते उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असंच बसतात, फक्त ऐकू जाणार नाही इतक्या लांब. बंद खोलीत कुठल्याही मोठ्यानं एकट्या पोराशी बोलायचं नाही, हा इथला नियम आहे आणि तो पोरांनाही सांगितलेला आहे. साहित्याच्या खोलीच्या दारावर दोन नंबर रंगवलेत: चाइल्डलाइन 1098 आणि टेली-मानस 14416. दुसरा केंद्र सरकारचा, 2022 साली सुरू झालेला, मनाच्या तक्रारींसाठी, फुकट, रात्री-अपरात्रीसुद्धा. मला तो तोवर माहीत नव्हता.

पालकांची बैठक तीन महिन्यांतनं एकदा असते. पहिल्याच बैठकीत एकजण म्हणाले, "आमच्या काळी असलं मन-बिन काही नव्हतं, छड्या खाऊनच खेळलो." सर चिडले नाहीत. त्यांनी नेमबाज अभिनव बिंद्राचं उदाहरण दिलं. 2008 साली बीजिंगला ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकल्यानंतर आतनं किती रिकामं वाटलं, हे तो माणूस स्वतः उघड सांगतो. मग सिमोन बाइल्स. 2016 साली रिओत चार सुवर्णपदकं घेतलेली ही जिम्नॅस्ट टोकियोत सांघिक फेरीत एका व्हॉल्टनंतर, म्हणजे धावत येऊन मारायच्या उडीनंतर, थांबली, कारण हवेत असताना आपण कुठं आहोत याचं भानच तिला राहत नव्हतं. तसंच उड्या मारत राहिली असती तर मान मोडली असती. थांबली म्हणूनच 2024 साली पॅरिसला येऊन पुन्हा तीन सुवर्णं घेतली. सर म्हणाले, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2019 साली खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर जे निवेदन काढलं, त्यात नुसतं खेळाडूबद्दल नाही, तो सराव करतो त्या वातावरणाबद्दलही लिहिलंय. "पोराला कणखर करा म्हणता, आधी मैदान नीट करूया." ते गृहस्थ पुढच्या बैठकीलाही आले, आणि आता त्यांची मुलगीही इथं येते.

आमच्या फौंड्रीत वितळलेल्या धातूचा रस साच्यात पुरता निवायच्या आत साचा फोडला तर कास्टिंगला तडा जातो. बाहेरनं नग चांगला दिसतो, मशीनवर चढवल्यावर कळतं. सरावाच्या तासांबद्दल सर बोलत होते तेव्हा मला तेच आठवत होतं. पोराच्या वयाचा आकडा असेल त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला संघटित सराव नको, आणि आठवड्यातनं एक-दोन दिवस त्या खेळापासनं पूर्ण सुट्टी हवी, असं क्रीडावैद्यकातले डॉक्टर सांगतात. इथं आठवड्याला सहा तास होतात. आधी माझं पोरगं सकाळ-संध्याकाळ मिळून चौदा-पंधरा तास घासत होतं आणि मी ते अभिमानानं चारचौघांत सांगायचो. मे महिन्यात वर्ग अख्खा बंद असतो. त्यानं यंदा तो महिना आजोळी विहिरीत पोहण्यात घालवला.

आता गोलकीपिंगचं, कारण माझ्यासाठी या वर्गाचा खरा कस तिथं लागला. गोल खाल्ल्यावर काय करायचं, हे इथं चेंडू धरण्याइतकंच शिकवतात. पोस्टला हात लावायचा, ग्लोव्हची पट्टी सोडून पुन्हा आवळायची, श्वास सोडायचा, मग बचावपटूंना ओरडून जागा सांगायची. रोज पाच मिनिटं याचाच सराव, मुद्दाम गोल खाऊन. जुलैत एका सराव सामन्यात अगदी गेल्या वर्षीसारखाच जमिनीवरनं आलेला चेंडू त्याच्या पायांमधनं गेला. मी रेघेमागं होतो, माझ्याच पोटात गोळा आला. त्यानं पोस्टला हात लावला, पट्टी आवळली. त्याच्या संघातला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पळत आला आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून गेला. सर काहीच बोलले नाहीत. सामना 3-1 नं हरले. नंतर सरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, तो चेंडू कीपरपर्यंत पोचायच्या आधी किती जणांकडनं सुटला? पोरांनीच मोजले. चार. घरी आल्यावर त्यानं ग्लोव्ह्ज धुतले आणि तारेवर वाळत घातले. त्याची आई बराच वेळ तारेकडं बघत उभी होती.

उणिवाही सांगायला हव्यात. मुलींसाठी मैदानावर धड स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याच्या दाराला कडी नाही, पाण्याचा भरवसा नाही. पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत ते त्यामुळं, असं मॅडमनीच बैठकीत सांगितलं. पोरींच्या मनाची काळजी घ्यायची तर ती कडी आधी बसली पाहिजे. बैठकीत दोनदा विषय झाला, अजून काम झालेलं नाही. समुपदेशक ताई महिन्यातनं एकदाच येतात, तेही शनिवारी सकाळी, तेव्हा चाळीस पोरांत कुणाकुणाच्या वाट्याला येणार? पावसाळ्यात मैदान चिखल झालं की वर्ग बंदचा निरोप कधीकधी सहा वाजता मिळतो, आणि पोरगं भिजत उभं असतं. तक्रारपेटी होती, पण किल्ली सरांकडंच. सरांबद्दलचीच तक्रार असली तर पोरगं ती कशाला टाकेल? मी हे थेट त्यांना बोललो. त्यांनी वाद घातला नाही, किल्ली पालक समितीतल्या एका आईकडं दिली. असं ऐकून घेणारा कोच मी पहिल्यांदाच बघितला.

आणि ज्यांना कपाटात करंडक लवकर हवाय त्यांनी हेही समजून घ्यावं, की यंदा हा संघ एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. सर सगळ्या पोरांना खेळवतात, राखीवातल्यांनाही. आमच्याच ग्रुपमधल्या दोघांनी पोरं काढून घेतली. 2017 साली 17 वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडनं खेळला, तेव्हापासनं आमच्याकडं प्रत्येक बापाला आपल्या घरात एक अनिकेत दिसतो. मलाही दिसायचा. माझ्या घरात आत्ता जे पोरगं आहे त्याला सकाळी साडेपाचला उठवावं लागत नाही.

फी महिना 1,100 रुपये, किटचे वेगळे 1,400. हप्त्यानं घेतात, आणि फी थकली म्हणून पोराला बाजूला बसवलेलं मी बघितलेलं नाही. नवी बॅच जूनमध्ये घेतात, जागा थोड्या असतात. आधी आठ दिवस फुकट येऊ देतात. ते आठही दिवस आईबापापैकी कुणीतरी फक्कीच्या रेघेमागं येऊन उभं राहा, आणि गोल बसल्यावर कीपरच्या जवळ कोण जातंय तेवढं बघा.