निवेदकाविरुद्ध तक्रार: अंतर्गत समिती की जिल्ह्याची?
बेळगावच्या केबल वाहिनीत लोकप्रिय निवेदकाने लैंगिक छळ केला, तर दाद कुठे मागायची? वाहिनीच्या घोषणा बाजूला ठेवा.

दोन वाटा आहेत: कार्यालयातली अंतर्गत समिती आणि जिल्ह्याची स्थानिक समिती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने मुदत दोन्हीकडे सारखीच: तक्रार 3 महिन्यांत, 6 प्रतींत, चौकशी 90 दिवसांत.

खरा फरक दबावाचा. अंतर्गत समिती जवळची, पण जाहिराती त्याच चेहऱ्यावर मिळत असतील तर सदस्य कचरतात. या समितीतला बाहेरचा सदस्य मालकाच्या ओळखीतला नाही ना, हे आधी तपासा. स्थानिक समितीवर मालकाचा वचक नसतो; मात्र खानापूर-निपाणीहून हेलपाटे पडतात, कन्नड कागदपत्रांसाठी जाणकार सोबत लागतो.

चौकशीपुरते निवेदकालाच पडद्यावरून हटवावे. तक्रारदार बाईंना रजा, त्यांनी मागितली तरच.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील, तर अंतर्गत समिती. त्याहून कमी, किंवा निवेदकच मालक असेल, तर स्थानिक समिती.